पाटीची उजवी बाजू

मी पाटी बोलतेय. दप्तरातली नव्हे, पाण्याखालची. पांढऱ्या प्लॅस्टिकची, वहीच्या अर्ध्या पानाएवढी. कोपऱ्यात एक भोक, भोकात दोरी आणि दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. पाण्याखाली माणसाच्या तोंडात हवेची नळी असते, त्यामुळे त्याला बोलता येत नाही. हातवाऱ्यांनी भागलं नाही की तो माझ्यावर लिहितो. जिथे भल्याभल्यांची बोलती बंद होते तिथे माझी सुरू होते, याचा मला पहिल्या दिवसापासून अभिमान आहे.

बोट सुटायला अजून थोडा वेळ आहे. हवेच्या टाक्या चढताहेत, कुणाला कुणाचा मुखवटा सापडत नाहीये. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकते. एकदा खाली गेलं की स्वतःविषयी बोलायला मला सवड नसते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाच मोठ्या पांढऱ्या तावातून आम्ही चाळीस बहिणी एका सकाळी कापल्या गेलो. मला ज्या पाकिटात घातलं त्यावर एक चित्र होतं: निळंशार पाणी, आरपार दिसणारे लाल-पिवळे मासे आणि त्यांच्यामध्ये तरंगणारी एक हसरी बाई. तोंडात नळी असताना ती हसत कशी होती, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आपलं आयुष्य या चित्रात जाणार, असं मी धरून चालले होते.

माझ्या मालकिणीचंही तसंच होतं. दूरच्या विद्यापीठात समुद्राचं शास्त्र शिकून ती परत निघाली होती आणि निघण्याच्या दोन दिवस आधी तिने मला विकत घेतलं. सुट्ट्यांमध्ये तिने डायव्हिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, गळ्यात दोन कार्डं होती, खात्यावर चौदा डुबक्या होत्या आणि डोक्यात एक मोठं स्वप्न होतं. तिची सख्खी मावशी समुद्रकाठी डायव्हिंगचं केंद्र चालवत होती. तिथे जायचं, प्रशिक्षक व्हायचं आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाला एकदा तरी पाण्याखाली न्यायचं. ज्या पाण्यावर माणसं जगतात ते त्यांनी आतून पाहिलेलंच नसतं, हे तिला सहन होत नव्हतं.

विमानात तिने मला मांडीवर घेतलं आणि माझ्या पाठीवर न पुसणाऱ्या शाईने एक शिडी काढली. पहिली पायरी, डुबायला शिकणं: झाली. दुसरी, खोल पाणी आणि होकायंत्र: झाली. तिसरी, बचाव: चार दिवस. चौथी, मार्गदर्शक: सहा आठवडे. पाचवी, प्रशिक्षक: आठ आठवडे. खाली दोन रेघा मारून लिहिलं, ‘मग सगळे’. त्या ‘सगळे’ शब्दाने माझ्या अंगावर काटा आला. पाकिटावरची बाई मी त्या क्षणी विसरले.

आम्हाला वाटलं होतं ते असं. आता सापडलं ते सांगते.

धक्क्याच्या टोकाला दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. शेडमध्ये टाक्यांत हवा भरणारं यंत्र, ज्याच्या आवाजाने खिडक्यांची तावदानं थरथरत. मागे दोन मोठे टब, एक साबणाचा, एक विसळायचा. दोरीवर रबरी पोशाख वाळत घातलेले. लांबून पाहिलं तर बिनडोक्याची माणसं वाऱ्यावर गप्पा मारताहेत असं वाटे. आणि समुद्र? कोऱ्या चहाच्या रंगाचा. हात लांब केला तर आपलीच बोटं अंधुक दिसावीत. जवळच खाडी येऊन मिळत असल्यामुळे वर्षातले आठ महिने पाणी असंच असतं, असं मावशीने शांतपणे सांगितलं. उरलेले चार महिने बरं असतं का, या प्रश्नावर तिने “उरलेले चार महिने गार असतं,” एवढंच उत्तर दिलं.

मावशी कमी बोलते. पाण्याखाली तीस वर्षं काढल्यावर तोंड उघडायची सवय जात असावी. तिच्या वाटचं बोलणं हवालदार बोलतो. तो टाक्यांत हवा भरतो म्हणून त्याला सगळे हवालदार म्हणतात. यंत्राशेजारी उभं राहून राहून त्याला ओरडूनच बोलायची सवय लागली आहे, त्यामुळे त्याचं कुजबुजणंही धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. माझ्या पाठीवरची शिडी त्याने पहिल्याच दिवशी वाचली आणि माझ्या मालकिणीला ‘संचालकबाई’ हे नाव ठेवलं. “संचालकबाई, संस्था उघडेपर्यंत हे पोशाख विसळून टाका,” असं तो रोज म्हणे. ती विसळे. मनातल्या मनात मात्र तिचं बोट शिडीवर फिरत असे, मला ते कळे.

पहिल्याच आठवड्यात मावशीने माझ्यावर अत्याचार केला. तिने एक खिळा घेतला, पट्टी लावली आणि माझ्या पोटावर मधोमध उभी रेघ ओरखडली. मला फार लागलं. त्याहून जास्त अपमान वाटला, कारण एवढी देखणी पाटी तिथे दुसरी नव्हती.

त्या रेघेमागे या केंद्राचा एक रिवाज आहे. पाण्यात माणूस कधी एकटा उतरत नाही, त्याला एक जोडीदार असतो. प्रत्येकाच्या टाकीला एक काटा असतो. भरलेली टाकी म्हणजे दोनशे आणि पन्नास उरले की पाण्याबाहेर. दर पाच मिनिटांनी थांबायचं. माझ्या डाव्या बाजूला आपला आकडा लिहायचा. मग जोडीदाराचा काटा हातात घेऊन, स्वतः वाचून, त्याचा आकडा उजव्या बाजूला लिहायचा आणि त्याला दाखवायचा. बोटीवर आल्यावर पायातले पंख काढायच्या आधी पाटी मावशीच्या हातात द्यायची. कोणते मासे दिसले, किती खोल गेलो, हे ती विचारत नाही. ती फक्त उजवी बाजू वाचते.

माझ्या मालकिणीला हा रिवाज जुनाट वाटला. तिच्या मनगटावर एक छोटं यंत्र होतं, त्यात खोली, वेळ, तापमान, सगळं दिसे. एकदा ती मावशीला म्हणाली, की आता कोणी पाटीवर आकडेमोड करत नाही. मावशी म्हणाली, “ते यंत्र तुझ्याकडे बघतं.” मला वाटलं वाक्य अर्धं राहिलं. ते पूर्ण होतं, हे मला काल कळलं.

याच दिवसांत दूरच्या एका नामांकित संस्थेचं पत्र आलं. तिने तिकडे केलेला अर्ज मंजूर झाला होता. चौदा आठवड्यांत बचाव, मार्गदर्शक आणि प्रशिक्षक, तिन्ही पायऱ्या. नितळ पाणी, रोज दोन डुबक्या. जागा एकच उरली होती आणि होकार आज सकाळी नऊच्या आत कळवायचा होता. ती इतकी हरखली की मला उचलून तिने माझ्या पाठीवरच्या शिडीचं चुंबन घेतलं. मीही हरखले. पाकिटावरचं ते चित्र मला पुन्हा दिसायला लागलं होतं.

मावशीने पत्र दोनदा वाचलं. संस्था चांगली आहे, मी स्वतः तिथेच शिकले, म्हणाली. तू इथे राहिलीस तर एक हंगामभर माझ्याबरोबर बचावाची पायरी कर, म्हणाली. घाई न करता, दर नव्या माणसाबरोबर उतरून. पण मी तुला अडवणार नाही, लोक म्हणतील मावशीला फुकटची विसळणारी हवी होती. हवालदाराने मात्र ओरडून मत दिलं, की जा बाई, इथे राहिलीस तर माझ्यासारखी टाक्या थोपटत म्हातारी होशील. ती दोघांवरही हसली. तिचं ठरलेलंच होतं.

आणि मग कालची सकाळ उजाडली.

काल तिचे जोडीदार होते टपालकाका. छत्तीस वर्षं या किनाऱ्यावर टपाल वाटून ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी डायव्हिंग शिकायला केंद्राच्या दारात उभे राहिले. आयुष्यभर समुद्राच्या कडेकडेने सायकल मारली, आता आत कोण राहतं ते बघायचंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांची पहिली पायरी गेल्याच आठवड्यात झाली होती. स्वभाव इतका भिडस्त की दारावरची घंटाही ते एकदाच वाजवत असणार.

तिला काल होकायंत्राचा सराव करायचा होता. गढूळ पाण्यात काही न दिसता चौकोनी फेरी मारून बरोबर निघालो तिथेच परत यायचं, म्हणजे नव्या संस्थेत पहिल्याच दिवशी छाप पडेल. आता दर पाच मिनिटांनी थांबून काकांचा काटा वाचायचा म्हणजे दिशा चुकणार. तेव्हा तिने काय केलं? बोटीवर बसूनच तिने माझी उजवी बाजू भरून टाकली. शाळेत प्रयोग करायच्या आधीच प्रयोगवहीत निकाल लिहून ठेवतात, तसं. स्वतः पाच मिनिटांत किती हवा घेते ते तिला ठाऊक होतं. काका नवे आहेत म्हणून त्यात थोडी भर घातली. दोनशे, एकशे पंच्याऐंशी, एकशे सत्तर, एकशे पंचावन्न. असे थेट ऐंशीपर्यंत, एकाखाली एक, सुबक अक्षरात. आपण हुशारी केली असंच तिला वाटत होतं. मी ओरडले. पण पाटी ओरडली तर ऐकू कोणाला जाणार?

खाली नऊ मीटरवर गेलो. मावशी आमच्या हातभर वर, मागून येत होती. पहिला कोपरा माझी मालकीण बरोबर वळली, दुसरा बरोबर वळली. दर पाच मिनिटांनी ती पुढच्या आकड्याखाली बोट ठेवून मला काकांसमोर धरायची. काका मान डोलवायचे, बोटांचं वर्तुळ करून ‘ठीक’ अशी खूण करायचे. एकदा मावशीने वरून खुणेने विचारलं, तेव्हाही तिने मलाच उंच धरलं. मावशीला आकडे दिसले, ती निर्धास्त झाली. मी मात्र पांढरी असूनही काळी पडले होते. काकांच्या बुडबुड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. पायऱ्या चढून आलेल्या माणसासारखे ते श्वास घेत होते.

चौथी बाजू सुरू झाली होती. माझ्यावर पंच्याण्णवचा आकडा होता. काकांनी तिच्या दंडाला हात लावला, अगदी हलकेच, पाकीट द्यावं तसा. मग हाताचा पंजा आडवा करून गळ्यासमोरून फिरवला. हवा संपली.

तिने काकांकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. पंच्याण्णव आहेत की, असं. तीन श्वास गेले. तिचे तीन, काकांचा एकही नाही. मग बुडबुड्यांतून मावशी खाली आली, आपल्या छातीवरची जादाची पिवळी नळी तिने काकांच्या तोंडात दिली, त्यांचा खांदा धरला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. काकांचे विस्फारलेले डोळे हळूहळू लहान झाले. तिघं सावकाश, ठरल्याप्रमाणे मध्ये थांबून वर आली. कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको.

बोटीवर काकांनी मुखवटा काढला, दोनदा खोकले आणि “खालची मंडळी भेटली नाहीत, पुन्हा यावं लागेल,” म्हणाले. कोणी हसलं नाही. मावशीने माझ्या मालकिणीपुढे हात केला. तिने मला दिलं.

मावशीने उजवी बाजू वाचली. मग अंगठा आकड्यांवरून फिरवला.

“पाण्याखाली अक्षर हलतं,” ती म्हणाली. “हे एकही अक्षर हललेलं नाही.”

एवढंच. ना रागावली, ना आवाज चढवला. माझी मालकीण रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती किनारा येईपर्यंत आपल्या पायांकडे बघत बसली. मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती. ज्या पाटीने कधी खोटं बोलू नये, तिच्यावर नऊ खोटे आकडे होते, आणि त्यांतले आठ एका भल्या माणसाने खरे मानले होते.

संध्याकाळी दोघी टबाशी बसून पोशाख विसळत होत्या. माझी मालकीण म्हणाली, की आता तर तिथेच जायला हवं, इथे मला कुणी जोडीदार म्हणून घेणार नाही. मला तिचा आवाज ओळखीचा वाटला नाही. त्यात स्वप्न नव्हतं, पळ होता.

मावशीने एक बाही पिळली. “मीही तुझ्या पाटीवर विश्वास ठेवला. खाली येऊन काटा बघितला नाही. काकांना खाली काटा वाचता येतो का, हेही कधी विचारलं नाही. तेव्हा सगळं आपल्या अंगावर घेऊ नकोस.” मग दुसरी बाही पिळत म्हणाली, “जायचं तर जा. तिथेही बचाव शिकवतील, चांगलाच शिकवतील. चार दिवसांत कार्ड मिळेल. पण ती पायरी वर चढायची नसते गं. ती बाजूला बघायची असते.”

तेवढ्यात टपालकाका आले. हातात मुखवटा होता. गावातल्या चष्मेवाल्याकडून त्यांनी काचेला आतून दोन छोटी भिंगं चिकटवून आणली होती. माझी मालकीण उभी राहिली, माफी मागू लागली, काकांनी तिला खाली बसवलं.

“काट्यावरचं तुम्हाला दिसत नव्हतं?” तिने विचारलं.

“चष्म्याशिवाय मला माझी बायको ओळखू येत नाही. तिला सांगू नकोस. तुझ्या पाटीवरचे आकडे मोठे, ते दिसायचे. छत्तीस वर्षं पाकिटावर लिहिलेल्या पत्त्यावर गेलो, कधी शंका घेतली नाही. म्हटलं, लिहिलंय तर असेल.”

तिने मुखवटा हातात घेऊन दोन्ही भिंगांवरून बोट फिरवलं. काका पुढे म्हणाले, “उद्या सातची बोट आहे. मावशींना सांगून ठेवलंय, जोडीदार तूच.”

“मी? काका, आज मी तुम्हाला—”

“म्हणून तर. तू आता जन्मात खोटा आकडा लिहिणार नाहीस. दुसऱ्या कुणाची मला काय खात्री?”

शेडमधून हवालदार कुजबुजला, “आता नऊच्या आत होकार कळवायचा की सातची बोट पकडायची, संचालकबाई?” पलीकडे जाळी सांधणाऱ्या तिघांनी माना वर केल्या. काल दिवसभरात ती प्रथमच हसली.

आज सकाळी उजाडताना ती मला घेऊन टबाशी बसली. जुना दातांचा ब्रश, थोडी दातांची पेस्ट. आधी माझं पोट घासलं. नऊही आकडे गेले. मावशीची रेघ राहिली, आणि खरं सांगते, मला आता ती आवडते. मग तिने मला पालथं केलं. न पुसणारी शाई ती, सहज थोडीच जाणार? तिने ओली वाळू घेतली. ‘चार दिवस’ घासलं. ‘सहा आठवडे’, ‘आठ आठवडे’ घासलं. शिडी ठेवली. ‘मग सगळे’ हेही ठेवलं. उलट त्यावरून तिने ओल्या बोटाने धूळ काढली. मला वाटलं होतं स्वप्न पुसलं जाईल. तिने फक्त तारखा पुसल्या.

मग ओट्यावर बसून तिने संस्थेला उत्तर लिहिलं. चारच ओळी होत्या: आपली आभारी आहे. या हंगामात येत नाही. बचावाची पायरी मी इथेच करणार आहे आणि तिला किती दिवस लागतील ते आत्ता सांगता येणार नाही. माझी जागा कृपया दुसऱ्या कुणाला द्यावी. पाठवून तिने फोन खिशात टाकला आणि पोशाख चढवायला गेली. मावशीला तिने सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, “बरं. विसळायचा टब भरलास का?” पण वळताना तिचा हात भाचीच्या डोक्यावरून फिरला, तो मी पाहिला.

तर अशी मी. पाकिटावरचं निळं पाणी मला मिळालं नाही. कोरा चहा मिळाला, आणि त्यात मी गरजेची आहे. नितळ पाण्यात काय, कुणालाही सगळं दिसतं. तुम्ही कधी पाण्यात उतराल, न उतराल. पण कुणाबरोबर निघालात आणि तो ‘ठीक आहे’ म्हणाला, तर एकदा त्याचा काटा हातात घेऊन बघा. एवढंच माझं मागणं.

टपालकाका आले. ती त्यांच्याशेजारी बसली आहे. तिने माझ्या डाव्या बाजूला लिहिलं, दोनशे. आता पेन्सिल उजवीकडे आली आणि थांबली. तिने काकांचा काटा उचलून त्यांच्या भिंगांसमोर धरला.

“काका, तुम्ही वाचा.”

“एकशे पंच्याण्णव,” काका म्हणाले. मग तिने स्वतः वाचला, आणि लिहिलं.

त्याखाली उजवी बाजू कोरी आहे. ती खालीच भरायची.